स्क्रीनवर दिसतं एक, पीडीएफात येतं भलतंच

ह्या खेपेला बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आलीत. लिहिताना स्क्रीनवर सगळं मस्त मांडलेलं असतं, एक्स्पोर्ट दाबलं की फॉन्ट कुठे गेला, साइज कुठे गेली, पत्ता नाही. दिवाळी अंकांचे मजकूर द्यायचे दिवस जवळ आलेत त्यामुळे असेल. म्हणून वायफाय आणि मोबाईलच्या बॅटरीवाले प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकललेत, आज फक्त हेच घेऊ.

प्रश्न: ताई, मी दादरची. शाळेतून रिटायर झाले आणि चाळीतल्या दिवसांच्या आठवणी लिहायला घेतल्या. भाच्याने लॅपटॉपवर स्क्रिव्हनर हे पुस्तकं लिहायचं सॉफ्टवेअर टाकून दिलंय. डोळ्यांना त्रास होतो म्हणून त्यानेच पानाचा रंग पिवळसर केला, अक्षर मोठं केलं, ओळींमधलं अंतर वाढवलं. आता मैत्रिणीला वाचायला द्यायचं म्हणून कंपाइल केलं, म्हणजे सगळी प्रकरणं जोडून एक फाईल काढली, तर पान पांढरंफटक, अक्षर बारीक आणि फॉन्टपण दुसराच. माझं सगळं पुसलं गेलं का?

उत्तर: काकू, काही पुसलं गेलेलं नाही, आधी चहा घ्या. सेटिंग्ज सगळ्या एकाच जागी राहत नाहीत, गोंधळ तिथून सुरू होतो. काही सेटिंग्ज त्या प्रोग्रॅमच्या असतात, फक्त तुमच्या डोळ्यांपुरत्या. पिवळसर पान हे त्यातलं. चष्म्याचा नंबर बदलला म्हणून पुस्तकातली अक्षरं मोठी होत नाहीत ना, तसंच हे. काही सेटिंग्ज मजकुराला चिकटलेल्या असतात आणि फाईलसोबत जातात, उदाहरणार्थ ठळक केलेला शब्द. आणि काही एक्स्पोर्टच्या वेळी वरून लावल्या जातात, त्या मात्र आधीच्या सगळ्यांवर कुरघोडी करू शकतात. त्यामुळे एखादी गोष्ट गेली की 'का गेली' असं विचारत बसण्यापेक्षा 'ती राहत कुठे होती' हे बघायचं, उत्तर लगेच सापडतं.

स्क्रिव्हनर तर मुद्दामच असा बनवलाय की लिहायचं कुठल्याही रूपात आणि बाहेर काढायचं दुसऱ्याच रूपात. कंपाइलची खिडकी उघडलीत की डावीकडे फॉरमॅट्सची यादी दिसेल, मॅन्युस्क्रिप्ट, पेपरबॅक, ईबुक वगैरे. त्यातला जो निवडलेला असेल त्याचे फॉन्ट, त्याची साइज, त्याचं ओळींमधलं अंतर तुमच्या मजकुरावर चढतं. तुम्ही आत काय ठेवलं होतं ते तो बघतसुद्धा नाही. त्यातून हे फॉरमॅट इंग्रजी लेखकांसाठी केलेले, टाइम्स, कुरियर असले फॉन्ट, त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत, मग कॉम्प्युटर आपल्या मनाने पर्यायी फॉन्ट उचलतो, विंडोजवर बहुतेक वेळा मंगल किंवा निर्मला, मॅकवर कोहिनूर. तुमचा 'दुसराच फॉन्ट' तिथून आला.

उपाय असा. त्याच खिडकीत मधल्या भागात नमुना दिसतो, तिथे 'असाइन सेक्शन लेआउट्स' बटण आहे. ते दाबून तुमच्या प्रकरणांना 'अ‍ॅज-इज' हा लेआउट द्या, म्हणजे जसं लिहिलंय तसं जाईल. आणि नमुन्याच्या वरच्या बाजूला फॉन्टची छोटी यादी असते, सगळ्या पुस्तकाला एकच मराठी फॉन्ट हवा असेल तर तिथून निवडा, ते तर एका क्लिकचं काम आहे.

पण अ‍ॅज-इज लावायच्या आधी एक बघा, भाच्याने अक्षर मोठं केलं ते नेमकं कसं. फॉन्टची साइजच २२-२४ केली असेल तर ती मजकुराला चिकटलीये, आणि अ‍ॅज-इजने मैत्रिणीच्या हातात बालवाडीचं पुस्तक पडेल. एडिटरच्या खालच्या पट्टीत झूमचे टक्के असतात, ते १५० नाहीतर १७५ करा आणि फॉन्ट आपला १३-१४ ठेवा. झूम बाहेर जात नाही, तुम्हाला मोठं दिसेल आणि कागदावर नेहमीसारखं येईल. माझ्या मते चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला लॅपटॉप घेऊन देताना हे आधी शिकवायला हवं.

आणि हो, प्रेफरन्सेसमध्ये जाऊन मुळातला फॉन्ट बदललात तरी तो फक्त नव्या प्रकरणांना लागतो, आधी लिहिलेली आहेत तशीच राहतात. ती बदलायला डाव्या यादीत प्रकरणं सिलेक्ट करा आणि डॉक्युमेंट्स मेनूत कन्व्हर्ट, त्यात 'टेक्स्ट टू डिफॉल्ट फॉरमॅटिंग'. ठळक-तिरपं वगैरे केलेलं त्यात राहतं, काळजी नको.

प्रश्न: मी मुलुंडहून लिहितोय. एका दिवाळी अंकाला कथा पाठवली, वर्डमध्ये मुक्ता फॉन्ट, १४ साइज, व्यवस्थित मांडून. संपादकांचा फोन आला, फाईल मंगलमध्ये दिसतेय आणि तुमची ११ पानं इथे १३ झालीत. पीडीएफ पाठवली तर म्हणाले पीडीएफ नको, त्यातून कॉपी केलं की अक्षरं विस्कटतात. शेवटी प्रेसमधून निरोप, श्रीलिपीत करून द्या. नक्की कोणाचं ऐकू?

उत्तर: सगळ्यांचं बरोबर आहे हीच तर पंचाईत.

वर्डच्या फाईलमध्ये फॉन्ट नसतो, फॉन्टचं नाव असतं. तुमच्या फाईलने संपादकांच्या मशीनला सांगितलं 'मुक्ता लाव', त्या मशीनवर मुक्ता नाही, त्याने जवळ होतं ते लावलं. मंगलची अक्षरं वेगळ्या रुंदीची, ओळींची उंचीही वेगळी, म्हणून ओळी दुसरीकडे तुटल्या आणि पानं वाढली. मजकूर एका अक्षरानेही बदललेला नाही. मुक्ता आपल्या मुंबईतल्याच एक टाइपने केलेला आहे आणि फुकट मिळतो, संपादकांनी डाउनलोड करून टाकला तर तुमची ११ पानं बहुतेक परत येतील. नाहीतर तुम्ही फाईल, ऑप्शन्स, सेव्ह ह्या वाटेने जाऊन 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाईल' वर टिक करा, म्हणजे फॉन्ट फाईलच्या पोटात बसूनच जाईल, फाईल थोडी जड होईल इतकंच. मात्र ज्या फॉन्टचं लायसन ह्याला परवानगी देत नाही तो काही बसत नाही. मुक्ताला ती अडचण नाही.

वर्डची अजून एक खोड आहे जी मराठीत लिहिणाऱ्याला कोणी सांगत नाही. वर्ड प्रत्येक मजकुराला एकापेक्षा जास्त फॉन्ट लावून ठेवतो, इंग्रजीसाठी एक आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी वेगळा, आपली देवनागरी त्या दुसऱ्यात मोडते. दोघांची साइजही वेगळी साठवलेली असते. म्हणून कधीकधी स्टाइलमध्ये (फॉन्ट-साइजच्या तयार साच्यात) १४ केलं तरी मराठी ११ वरच अडून बसते आणि मधला एखादा इंग्रजी शब्द टुणकन मोठा होतो. कंट्रोल आणि डी दाबा, फॉन्टच्या खिडकीत वर लॅटिन आणि खाली कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स असे दोन कप्पे दिसतील, खालचा भरा. लिब्रेऑफिसवाल्यांनो, तुमच्याकडे ह्यालाच सीटीएल म्हणतात, भाषेच्या सेटिंगमध्ये आधी ते चालू करावं लागतं, नाहीतर कप्पाच दिसत नाही.

आता पीडीएफ. पीडीएफमध्ये फॉन्ट आत शिरतो, म्हणून ती सगळीकडे सारखी दिसते, दिसण्यासाठी तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण तिच्यात मुख्यत्वे अक्षरांचे आकार कुठे ठेवायचे ते लिहिलेलं असतं. पहिली वेलांटी आपण उच्चारतो नंतर पण ती बसते आधी, जोडाक्षराचा आकार सगळा मिळून एकच असतो, तिथून परत मूळ अक्षरं काढायची म्हटली की 'विस्कटलेलं' मराठी मिळतं. तेव्हा संपादकाला वर्ड फाईल द्या आणि सोबत पीडीएफ फक्त बघण्यासाठी, की लेखकाच्या मनात असं होतं. दोन्ही एका मेलमध्ये.

राहिला प्रेसचा प्रश्न. लालबाग-परळपासून गिरगावापर्यंत अजून कित्येक ठिकाणी पान पेजमेकर ह्या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये लागतं, पेजमेकर ७ आला २००१ मध्ये, त्याच्यानंतर नवा पेजमेकर आलाच नाही आणि त्याला युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची आजची पद्धत, कळत नाही. तिथले ऑपरेटर लोक त्यात इतके तयार असतात की त्यांना दोष द्यावासा वाटत नाही, पान हातासरशी लावतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आतून इंग्रजी कीबोर्डाचीच चिन्हं असतात, वरून त्यांना देवनागरीचा मुखवटा. त्यामुळे तिथे फॉन्ट बदलला की मजकूरच वाचता येत नाही, मी वर 'मजकूर बदलत नाही' म्हटलं ते इथे लागू नाही. रूपांतर कन्व्हर्टरने होतं, ते तुम्ही करू नका, प्रेसलाच करू दे, त्यांच्या फॉन्टची आवृत्ती त्यांनाच माहीत असते.

तुम्ही मात्र रूपांतर झाल्यावर प्रूफ नक्की मागा आणि त्यात आधी चंद्रकोरीसारखा तो अर्धा र शोधा. दऱ्या, सुऱ्या, वऱ्हाड, आचाऱ्याने. युनिकोडमध्ये हा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, एक खाली नुक्ता असलेल्या ऱ ने आणि दुसरा साध्या र च्या पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. काही कन्व्हर्टर आणि काही 'फाईल साफ करा' छाप टूल्स ते न दिसणारं चिन्ह कचरा समजून उडवतात, मग राहतो साधा रफार. लग्नात आचाऱ्याने जिलबी तळली असं तुम्ही लिहिलेलं असतं, छापून येतं आचार्याने जिलबी तळली. स्पेलचेक हे पकडणार नाही कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. सह्याद्रीच्या दऱ्यांचाही असाच दर्या होतो.

आणि एक आगाऊ सल्ला, कथा पाठवताना जस्टिफाय, ड्रॉप कॅप, दोन कॉलम ह्यात वेळ घालवू नका, अंकाचा आर्टिस्ट ते पहिल्या मिनिटाला काढून टाकतो. परिच्छेद कुठे संपतो, कविता कुठे सुरू होते आणि तिरपं काय हवंय एवढं नीट असलं की पुरे. आणि हे रिकाम्या एंटर आणि स्पेसबार मारून नाही, स्टाइल लावून. स्टाइल त्याच्या इनडिझाइनमध्ये (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) नावासकट जाते आणि तो तुम्हाला धन्यवाद देईल. त्याच्याकडे इनडिझाइन असेल तर त्याला वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू ठेवायला सांगा, नाहीतर जोडाक्षरं सुटी पडतात.

प्रश्न: चेंबूरच्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. पाणीकपातीची नोटीस नोटपॅडमध्ये टाइप केली, फॉन्ट मोठा ठेवला, ग्रुपवर टाकली. कोणाला बारीक दिसतेय, एका मेंबरला नुसती प्रश्नचिन्हं, आणि प्रिंट काढली तर वर फाईलचं नाव आणि खाली पेज नंबर. हे कोणी छापायला सांगितलं?

उत्तर: नोटपॅडने. त्याच्या पेज सेटअपमध्ये हेडर आणि फूटर आधीच भरलेले असतात, ते दोन्ही डबे रिकामे करा, सुटलात.

बाकी काका, साध्या टेक्स्ट फाईलमध्ये फॉन्ट, साइज, रंग असलं काहीही मावत नाही, अक्षरं सोडून तिच्यात काही नसतं. नोटपॅडमध्ये तुम्ही निवडलेला फॉन्ट हा तुमच्या नोटपॅडचा, तो तुमच्या प्रिंटला लागेल पण दुसऱ्याच्या मोबाईलवर जाणार नाही. वर्ड रॅपचंही तेच, स्क्रीनवर ओळ मोडलेली दिसते पण फाईलमध्ये ती एकच लांबलचक ओळ असते. म्हणून काहीजण प्रत्येक ओळीला एंटर मारतात आणि मग मोबाईलवर ती नोटीस दाताडं पडल्यासारखी दिसते, तसं करू नका.

प्रश्नचिन्हांचं मात्र गंभीर आहे. टेक्स्ट फाईल सेव्ह करताना खाली एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवायची, असा एक पर्याय असतो. तिथे एएनएसआय असेल तर त्यात देवनागरी बसतच नाही आणि प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं जातं, म्हणजे अक्षर गेलं, परत मिळणार नाही. यूटीएफ-८ ठेवा. विंडोज १० च्या २०१९ च्या अपडेटपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ च घेतो, प्रश्नचिन्हं एकाच मेंबरला दिसताहेत म्हणजे त्याने जुन्या कॉम्प्युटरवर फाईल उघडून एएनएसआयमध्ये परत सेव्ह केली असावी. ह्याउलट प्रश्नचिन्हांऐवजी डोक्यावर रेघा-टिंबं असलेली चित्रविचित्र इंग्रजी अक्षरं दिसली तर हायसं वाटू द्या, तिथे मजकूर शाबूत आहे, फक्त समोरचा प्रोग्रॅम चुकीच्या एन्कोडिंगने वाचतोय.

हाच घोळ मेंबरांच्या यादीचाही होणार आहे म्हणून आत्ताच सांगते, एक्सेलमधून सीएसव्ही (मध्ये स्वल्पविराम टाकलेली साधी टेक्स्ट यादी) काढताना एकापेक्षा जास्त सीएसव्ही दिसतात, त्यातलं यूटीएफ-८ लिहिलेलं घ्या. साध्या सीएसव्हीत सगळ्या जोश्यांची आणि नायरांची सरसकट प्रश्नचिन्हं होतील. आणि नोटीस म्हणाल तर सरळ पीडीएफ टाका ग्रुपवर, नोटपॅडचं ते कामच नाही.

प्रश्न: फोर्टमधल्या एका वकिलांकडे मी ज्युनियर आहे. अ‍ॅग्रीमेंटचा ड्राफ्ट वर्डमध्ये झाला, ट्रॅक चेंजेस चालू होतं. पाठवायच्या आधी 'नो मार्कअप' केलं, स्क्रीन एकदम स्वच्छ. समोरच्या पार्टीने फाईल उघडली तर आमचे सगळे लाल फेरफार आणि सरांची एक कॉमेंटपण त्यांना दिसली. सर बोलत नाहीयेत.

उत्तर: बाकीच्यांचं काहीतरी हरवतंय आणि तुमचं नको ते पोचलं. नियम तोच आहे. नो मार्कअप ही डोळ्यांपुरती सेटिंग आहे, तिने फेरफार झाकले जातात, जात नाहीत. ते फाईलमध्येच राहतात, कोणी, कधी केले त्या नावानिशी. घालवायचे असतील तर रिव्ह्यूमध्ये जाऊन अ‍ॅक्सेप्ट किंवा रिजेक्ट करावे लागतात आणि कॉमेंट वेगळ्या डिलीट कराव्या लागतात.

त्यानंतर फाईल, इन्फो, 'चेक फॉर इश्यूज', त्यात 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट'. हे फाईलच्या कॉपीवर चालवा, मूळ फाईलवर नको, कारण काढलेलं सगळंच परत येत नाही. ते लपवलेला मजकूर, लेखकाचं नाव, कॉमेंट सगळं हुडकून दाखवतं. पीडीएफ काढतानाही ऑप्शन्सचं बटण दाबून बघा, तिथे 'डॉक्युमेंट' आणि 'डॉक्युमेंट शोइंग मार्कअप' असे दोन पर्याय असतात, पहिला हवा. आणि पीडीएफ काढताना सेव्ह अ‍ॅज किंवा एक्स्पोर्टनेच काढा, प्रिंटरच्या यादीतल्या 'प्रिंट टू पीडीएफ'ने नाही, त्या वाटेने गेलं की लिंका मरतात आणि बुकमार्कही येत नाहीत, ८० पानी अ‍ॅग्रीमेंटमध्ये मग कलम शोधताना जीव जातो. सरांचं काय ते तुम्ही बघा, त्यावर माझ्याकडे सेटिंग नाही.

प्रश्न: पार्ल्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट गूगल डॉक्समध्ये केला, स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढली तर मार्जिन सगळे वाकडे आणि टेबल दोन पानांत तुटलं. स्क्रीनवर तर पानंच नव्हती, एकसलग होतं!

उत्तर: एकसलग दिसत होतं म्हणजे तुझं डॉक्युमेंट पेजलेस मोडमध्ये आहे. स्क्रीनला पान नाही, कागदाला तर लागतं, मग पीडीएफ करताना डॉक्स आपल्या मनाने पानं पाडतो आणि टेबल मध्येच कापतो. फाईलमध्ये पेज सेटअप, तिथे 'पेजेस' निवड आणि मगच शेवटचा हात फिरव.

तिथेच कागदाची साइज बघ. बऱ्याच जणांचं अकाउंट अमेरिकन इंग्रजीत असतं आणि कागद लेटर साइजचा ठेवलेला असतो, तो २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए४ आहे २१० बाय २९७. म्हणजे लेटर रुंद आहे पण बुटका. झेरॉक्सवाला सवयीने 'फिट' दाबतो, पान किंचित लहान होऊन छापलं जातं आणि वर-खाली जास्तीची पांढरी पट्टी उरते, मार्जिन वाकडे वाटतात ते त्यामुळे. ए४ कर, 'सेट अ‍ॅज डिफॉल्ट' दाब, आणि प्रिंट काढताना त्याला 'अ‍ॅक्च्युअल साइज' सांग. दुकानात डॉक्सची लिंक उघडून देऊ नकोस, पीडीएफच दे, त्याच्या मशीनवर कुठले फॉन्ट आहेत ते देव जाणे. गाइडने सजेशन मोडमध्ये काही लिहिलं असेल तर वर्ड फाईल काढताना ते ट्रॅक चेंजेस बनून सोबत जातं, आधी निकालात काढ, वरच्या वकिलांचं उत्तर वाच.

प्रश्न: ताई, पवईत आयटीत आहे. नोट्स मराठीत मार्कडाउनमध्ये लिहितो, व्हीएस कोड ह्या एडिटरमध्ये. पॅनडॉक ह्या फाईल रूपांतर करायच्या टूलने पीडीएफ करायला गेलो तर आधी एरर, मग पीडीएफ बनवायला झीलाटेक हे इंजिन लावलं तर पीडीएफ आली पण मराठी गायब, फक्त इंग्रजी शब्द आणि आकडे. एडिटरमध्ये तर सुंदर नोटो फॉन्ट लावलाय. आणि एकच टॅब माझ्याकडे कमी आणि टीममधल्या दुसऱ्याकडे जास्त जागेचा का दिसतो?

उत्तर: एडिटरमधला फॉन्ट पॅनडॉकला माहीतच नाही. मार्कडाउन म्हणजे शेवटी साधी टेक्स्ट फाईल, तुमची थीम, फॉन्ट, प्रिव्ह्यूची सजावट सगळं व्हीएस कोडच्या घरचं, फाईलच्या बाहेर. पॅनडॉकची पहिली पसंती पीडीएफलाटेक असते, त्याला देवनागरी झेपत नाही म्हणून एरर. झीलाटेकला झेपते पण तुम्ही फॉन्ट सांगितला नाही म्हणून त्याने आपला लॅटिन मॉडर्न हा फॉन्ट घेतला, त्यात देवनागरी नाही, तिथे गप्प जागा सोडून पुढे गेला. टर्मिनलमध्ये 'मिसिंग कॅरेक्टर' अशा वॉर्निंगा आल्या असतील, त्या वाचत जा हो.

दोन गोष्टी द्या. मेनफॉन्ट म्हणून नोटो सेरिफ देवनागरीसारखा फॉन्ट, आणि मेनफॉन्टऑप्शन्समध्ये 'स्क्रिप्ट = देवनागरी' असं, इंग्रजी अक्षरांत. दुसरी विसरलात तर अक्षरं दिसतील पण वेलांट्या आणि जोडाक्षरं जागेवर बसणार नाहीत. दोन्ही फाईलच्या अगदी वर, तीन डॅशांच्या मधल्या भागात लिहून ठेवलंत तर ती सेटिंग फाईलसोबतच फिरेल, कमांडमध्ये दर वेळी टाइप करायला नको आणि सहकाऱ्याच्या मशीनवरही चालेल, फॉन्ट मात्र त्याच्याकडे असायला हवा.

वर्ड फाईल हवी असेल तर रेफरन्स डॉकची सोय भारी आहे. पॅनडॉककडूनच त्याची मुळातली रेफरन्स फाईल काढून घ्यायची, वर्डमध्ये उघडून स्टाइल्स बदलायच्या, म्हणजे बॉडी टेक्स्ट, हेडिंग १ वगैरे, आणि पुढे दर वेळी तीच द्यायची. त्या फाईलमधला मजकूर तो घेत नाही, फक्त स्टाइल्स, मार्जिन, कागदाची साइज, हेडर-फूटर. आणि स्टाइल बदलताना तो कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा कप्पा विसरू नका.

टॅबचं विचारलंत तेही सांगते. टॅब हे फाईलमध्ये एकच चिन्ह असतं, तुमच्याकडे ते चार जागांचं दिसतं आणि दुसऱ्याकडे आठ, दोघंही खरे. टीममध्ये सगळ्यांना सारखं दिसायला हवं असेल तर प्रोजेक्टच्या फोल्डरात एडिटरकॉन्फिग फाईल ठेवा, ती बरेच एडिटर वाचतात, काहींना त्यासाठी एक्स्टेंशन लागतं.

प्रश्न: बोरिवलीहून. ईबुक करतोय, ईपब. दर प्रकरणाला वेगळा फॉन्ट आणि साइज लावली, वाचणाऱ्याच्या मोबाईलवर सगळं एकसारखं दिसतं. कसं टिकवू?

उत्तर: टिकवू नका. ईपबमध्ये अक्षर केवढं, ओळींत अंतर किती, पान काळं की पांढरं हे वाचणारा ठरवतो, फॉरमॅटच त्यासाठी आहे. हेडिंग हे हेडिंग म्हणून आणि परिच्छेद हा परिच्छेद म्हणून नीट सांगा, बाकी त्याच्यावर सोडा. चित्रमय बालपुस्तक असेल तर फिक्स्ड लेआउटचा ईपब वेगळा असतो, त्यात मांडणी हलत नाही, पण मोबाईलवर तो वाचताना चिमटे काढून मोठं करत बसावं लागतं.

प्रश्न: नवा लॅपटॉप घेतला. फायली सगळ्या आल्या पण वर्ड परक्यासारखा वागतोय, माझा फॉन्ट नाही, माझे शॉर्टकट नाहीत, अनेक वर्षांत जमवलेले ऑटोकरेक्टचे शब्द नाहीत, स्पेलचेकला शिकवलेली आडनावं नाहीत. लोअर परळच्या ऑफिसात रोज पत्रं टाइप करायची असतात हो.

उत्तर: कारण हे सगळं फायलींमध्ये कधी नव्हतंच, जुन्या लॅपटॉपच्या वर्डमध्ये होतं. जुना मशीन विकला नसेल तर अजून वेळ गेलेली नाही. विंडोजच्या शोधपट्टीत टक्क्याच्या दोन खुणांमध्ये अ‍ॅपडेटा लिहून एंटर मारा, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात टेम्प्लेट्स, तिथे नॉर्मल नावाची टेम्प्लेट फाईल सापडेल. नव्या कोऱ्या डॉक्युमेंटचा फॉन्ट, तुमच्या स्टाइल्स, मॅक्रो आणि कीबोर्ड शॉर्टकट तिच्यात असतात. शेजारच्या ऑफिस फोल्डरमध्ये ऑटोकरेक्टच्या फायली असतात, प्रत्येक भाषेची वेगळी, आणि यूप्रूफ फोल्डरमध्ये कस्टम नावाची डिक्शनरी, तुमची आडनावं तिथे आहेत. सगळ्या पेनड्राइव्हवर घ्या आणि नव्या मशीनवर त्याच जागी टाका.

नव्या मशीनवर आत्ता ज्या फायली आहेत त्यांची नावं आधी बदलून ठेवा, काही बिनसलं तर परत लावता येतील. आणि हे सगळं वर्ड आणि आउटलुक दोन्ही पूर्ण बंद करून करा, वर्ड उघडा असेल तर तो बंद होताना तुम्ही आणलेल्या नॉर्मलवर आपलीच नॉर्मल परत लिहून टाकतो.